रो रिडक्शन आणि सबस्पेस: या चुका टाळा, नाहीतर मोठी पिशवी फुकट जाईल

परीक्षा जवळ आली की संध्याकाळी आमच्या मालवणच्या पडवीत सात-आठ मुलं वह्या घेऊन बसलेली असतात. कुणी बीएस्सीचं, कुणी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं. लीनिअर अल्जिब्रा निघाला की गाऱ्हाणं एकच: ‘मॅडम, सगळं बरोबर केलं, तरी मार्क गेले.’ वही उघडून बघावी तर आकडेमोड खरंच बरोबर असते. शून्यं जिथे यायला हवीत तिथे आलेली असतात. घात होतो तो शेवटच्या दोन ओळींत, उत्तर लिहिताना.

माझ्या मते याचं कारण एकच आहे. रो ऑपरेशन (ओळींची अदलाबदल, ओळीला शून्य नसलेल्या आकड्याने गुणणं, एका ओळीत दुसरीची पट मिळवणं किंवा वजा करणं) कशी करायची हे मुलांना येतं. पण ऑपरेशन केल्यावर मॅट्रिक्समधलं, म्हणजे ओळी-कॉलमांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटीतलं, काय बदललं आणि काय जसंच्या तसं राहिलं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. खाली सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चुका हा एक प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आधी तीन पिशव्या

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या घरचं बाजारात दुकान आहे. कोकम सरबत, आंबापोळी, काजूगर, फणसपोळी. पर्यटक आणि मुंबईला परतणारे चाकरमानी तयार भरलेल्या पिशव्या उचलतात. तिच्या दुकानावरून आम्ही एक गणित रचलं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला तेच देते. क्रम असा: कोकमाच्या बाटल्या, आंबापोळ्या, काजूगराची पाकिटं, फणसपोळ्या, आणि उभ्या रेषेनंतर पिशवीचं बिल रुपयांत.

छोटी: १ २ १ १ | ५२०
मधली: २ ४ ३ ४ | १३९०
मोठी: ३ ६ ४ ५ | १९१०

प्रश्न सोपा आहे. बिलांवरून एकेका वस्तूची किंमत काढा.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा गणितातल्या अव्यक्तांना रंगांची नावं दिली होती: कालक, नीलक, पीतक. आपण शाळेत क्ष आणि य म्हणालो. मी पडवीत वस्तूंचीच नावं ठेवते, कारण कुठला कॉलम कशाचा हे डोक्यातून गेलं की पुढे सबस्पेस (बेरीज किंवा पट घेतली तरी आतच राहणाऱ्या व्हेक्टरांचा, म्हणजे आकड्यांच्या क्रमवार याद्यांचा, संच) म्हणजे नुसते कंसातले आकडे उरतात.

आता रिडक्शन, म्हणजे रो ऑपरेशन करत शून्यं आणणं. आर१, आर२, आर३ म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी ओळ. आर२ मधून आर१ ची दुप्पट वजा, आर३ मधून आर१ ची तिप्पट वजा:

१ २ १ १ | ५२०
० ० १ २ | ३५०
० ० १ २ | ३५०

मग आर३ मधून आर२ वजा आणि शेवटी आर१ मधून आर२ वजा:

१ २ ० −१ | १७०
० ० १ २ | ३५०
० ० ० ० | ०

पिव्हट, म्हणजे ओळीतला डावीकडून पहिला शून्य नसलेला आकडा, पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये आहेत. आंबापोळी आणि फणसपोळी यांच्या कॉलममध्ये पिव्हट नाही, म्हणून ही दोन चलं मोकळी राहिली. इथवर बहुतेक जण बिनचूक येतात. तरीही वाटेतल्या चुका आधी उरकून घेऊ.

एका दमात दोन ऑपरेशन

समजा क्ष + य = ५ आणि क्ष − य = १. उत्तर उघड आहे, ३ आणि २. आता एखादा घाईघाईने लिहितो: आर१ मधून आर२ वजा, आणि त्याच पायरीत आर२ मधून आर१ वजा. दोन्हींसाठी जुन्याच ओळी वापरतो. मिळतं काय?

० २ | ४
० −२ | −४

दोन्ही ओळी तेच सांगतात, य = २. क्ष गायब! दोन समीकरणांतली एक माहिती पुसली गेली आणि ती परत मिळवायला मार्ग नाही. रो ऑपरेशन चालतं ते उलट फिरवता येतं म्हणून. जे उलट फिरवता येत नाही ते रो ऑपरेशन नव्हे. म्हणून एका पायरीत ज्या ओळीचा आधार घेऊन बाकीच्या बदलता आहात, ती ओळ त्या पायरीत हलवायची नाही. आर१ च्या आधाराने आर२ आणि आर३ दोन्ही एकदम बदला, खुशाल बदला, मी वरती तेच केलंय. फक्त आर१ ला त्या वेळी हात लावायचा नाही.

चिन्हाची चूक पकडायची जुनी युक्ती

वजा गुणिले वजा यात मुलं अडखळतात आणि तीन पायऱ्यांनंतर कळतं. तोवर पान भरलेलं असतं. हाताने हिशेब करणारे लोक एक युक्ती वापरत आले आहेत आणि ती आज वर्गात फारशी दाखवली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या ओळीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज लिहायची. पहिल्या ओळीची १ + २ + १ + १ + ५२० = ५२५. दुसरीची २ + ४ + ३ + ४ + १३९० = १४०३. मग ऑपरेशन करताना या बेरजेच्या कॉलमवरही तेच ऑपरेशन करायचं. आर२ मधून आर१ ची दुप्पट गेली: १४०३ − १०५० = ३५३. नव्या ओळीची बेरीज करून बघा: ० + ० + १ + २ + ३५० = ३५३. जुळलं. न जुळलं तर चूक याच ओळीत आहे, मागे जायला नको. एक चूक दुसरीला झाकून टाकेल असं क्वचित होतं, पण एरवी ही युक्ती दगा देत नाही.

कॅल्क्युलेटर असला तरी १/३ च्या जागी ०.३३ लिहू नका. दोन ओळी बघा: ३ १ आणि १ १/३. दुसरी ओळ पहिलीचा बरोबर तिसरा भाग आहे, त्यामुळे रिडक्शननंतर ती पूर्ण शून्य व्हायला हवी. पण आर२ मधून आर१ ची ०.३३ पट वजा केली की पहिल्या जागी १ − ०.९९ म्हणजे ०.०१ उरतो. मुलगा ‘पिव्हट मिळाला’ म्हणतो आणि रँक, म्हणजे पिव्हटांची संख्या, १ ची २ होते. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा. नको असतील तर जिथे १ आहे ती ओळ आधी वर आणा.

शून्य ओळ दिसली म्हणून ‘अनंत उत्तरं’ लिहू नका

ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की ती कुठून येते हेही आता कळतं. दहावीत एकसामयिक समीकरणं दोनच असतात आणि चलंही दोनच. तिथे एक ओळ शून्य झाली की खरंच उत्तरांना अंत नसतो, अर्थात समीकरणं एकमेकांशी भांडत नसतील तर. तेच डोक्यात बसतं. पण क्ष + य = ५, क्ष − य = १, २क्ष + य = ८ अशी तीन समीकरणं घ्या. रिडक्शन केल्यावर तिसरी ओळ शून्य होते आणि उत्तर मात्र एकच आहे, ३ आणि २. तिसरं समीकरण पहिल्या दोघांतूनच आलं होतं, ते गेल्याने काही बिघडलं नाही.

उत्तरं किती हे ओळी मोजून ठरत नाही, कॉलम मोजून ठरतं. चलांच्या कॉलमांपैकी पिव्हट नसलेला एकही नसेल तर उत्तर एकच, असलंच तर. पिशव्यांच्या गणितात चार कॉलम, दोन पिव्हट, म्हणून दोन मोकळी चलं. कॉलमांची संख्या म्हणजे रँक अधिक मोकळी चलं, हा हिशेब कधीच चुकत नाही.

मोकळं चल म्हणजे नक्की काय?

‘फ्री व्हेरिएबलला टी म्हणायचं’ एवढंच पाठ असलेली मुलं नल स्पेस, म्हणजे उजवी बाजू शून्य धरली की मिळणाऱ्या उत्तरांचा संच, लिहितात, पण ती कशाची जागा आहे विचारलं तर गप्प बसतात. पिशव्यांकडे बघा. प्रत्येक पिशवीत आंबापोळ्या कोकमाच्या बाटल्यांच्या बरोबर दुप्पट आहेत. १ आणि २, २ आणि ४, ३ आणि ६. मग समजा दुकानदाराने कोकमाची बाटली २ रुपयांनी स्वस्त केली आणि आंबापोळी १ रुपयाने महाग केली, तर एकाही पिशवीचं बिल हलणार नाही. म्हणजे (−२, १, ०, ०) हा किंमतींतला बदल बिलाला दिसतच नाही.

असाच दुसरा बदल: कोकम १ रुपयाने महाग, काजूगर २ रुपयांनी स्वस्त, फणसपोळी १ रुपयाने महाग. (१, ०, −२, १). छोट्या पिशवीत १ − २ + १ = ०. मधलीत २ − ६ + ४ = ०. मोठीत ३ − ८ + ५ = ०. हे दोन व्हेक्टर म्हणजे नल स्पेसचा बेसिस. बिलाला न कळता किंमती जितक्या तऱ्हांनी हलवता येतील त्या सगळ्या तऱ्हा या दोघांच्या पटी घेऊन, त्यांची बेरीज करून मिळतात. बिलाला न कळणारे दोन बदल एकापाठोपाठ केले तरी बिलाला कळत नाही, आणि तिप्पट केले तरी कळत नाही. नल स्पेस सबस्पेस का असते याची सिद्धता म्हणजे हेच वाक्य. परीक्षेत ते चिन्हांत लिहायचं एवढंच.

इथे एक बारीक चूक होते. रिड्यूस झालेल्या मॅट्रिक्समधून व्हेक्टर वाचताना चिन्ह बदलायचं राहून जातं. पहिली ओळ सांगते: कोकम + २ आंबापोळी − फणसपोळी = ०, म्हणून कोकम = −२ आंबापोळी + फणसपोळी. मुलं कॉलम बघून थेट (२, १, ०, ०) लिहितात. मूळ मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीत घालून बघा, २ + २ = ४ येतं, शून्य नाही. नल स्पेसचा प्रत्येक व्हेक्टर मूळ मॅट्रिक्समध्ये घालून तपासायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट द्याच.

बिलं ५२०, १३९०, १९१० असतील तेव्हाच्या किंमतींच्या याद्या मात्र सबस्पेस होत नाहीत. (१००, ६०, २५०, ५०) ही अशी एक यादी आहे, करून बघा. पण सगळ्या किंमती शून्य धरल्या तर ५२० रुपयांचं बिल कसं येईल? शून्य व्हेक्टरच त्यात नाही. चालणाऱ्या दोन याद्यांची बेरीज केली तर बिल दुप्पट होतं. म्हणजे ए क्ष = बी (ए मॅट्रिक्स, क्ष किंमतींची यादी, बी बिलं) या समीकरणाच्या उत्तरांचा संच, बी शून्य नसेल तर, सबस्पेस नसतो. तो असतो एक चालणारी यादी अधिक नल स्पेस. दिशा नल स्पेसच्याच, जागा मात्र आरंभबिंदूपासून सरकलेली. ‘खालीलपैकी कोणते सबस्पेस आहेत’ या प्रश्नात हा पर्याय नेहमी येतो आणि नेहमी मार्क खातो.

सगळ्यात महाग चूक: कॉलम स्पेस

ही चूक मीही केली होती. दुसऱ्या वर्षाला होते, पेपर परत मिळाला, त्या प्रश्नाला शून्य. उत्तरावर लाल रेघ होती, पण का चुकलं ते कुणी सांगितलं नाही. मी नियम पाठ केला, ‘बेसिस मूळ मॅट्रिक्समधून घ्यायचा’, आणि पुढे गेले. का ते मला कितीतरी वर्षांनी, शिकवायला लागल्यावर समजलं. म्हणून इथे जरा थांबू.

प्रश्न असतो: या मॅट्रिक्सच्या कॉलम स्पेसचा बेसिस द्या. पिव्हट पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये. मुलगा रिड्यूस झालेल्या मॅट्रिक्समधले ते कॉलम उचलतो: (१, ०, ०) आणि (०, १, ०). दिसायला सुरेख. चूक.

कॉलम स्पेस म्हणजे कोणकोणती बिलं शक्य आहेत त्यांचा संच. किंमती काहीही ठेवा, छोटी, मधली, मोठी अशा तीन पिशव्यांची बिलं येतील. आता (१, ०, ०) आणि (०, १, ०) यांच्यापासून बनणाऱ्या कुठल्याही व्हेक्टरमध्ये तिसरा आकडा शून्यच असतो. म्हणजे या उत्तराप्रमाणे मोठ्या पिशवीचं बिल कायम शून्य! मी हे सांगितलं तेव्हा दुकानवाली मुलगी एकदम सरळ बसली. ‘मॅडम, मोठी पिशवी फुकट मेळतली काय?’ त्यानंतर पडवीत ती चूक त्या बॅचने परत केली नाही.

खरी गोष्ट काय आहे? मोठी पिशवी म्हणजे छोटी अधिक मधली. ३ = १ + २, ६ = २ + ४, सगळीकडे तसंच. म्हणून किंमती काहीही असोत, तिसरं बिल म्हणजे पहिल्या दोन बिलांची बेरीज. मूळ मॅट्रिक्समधले पहिला आणि तिसरा कॉलम, (१, २, ३) आणि (१, ३, ४), दोघंही हा नियम पाळतात. योग्य बेसिस तो. (१, ०, ०) हा नियम पाळत नाही, कारण ० म्हणजे १ + ० नव्हे.

आता ‘का’ बघू. रो ऑपरेशन ओळींची सरमिसळ करतं. प्रत्येक कॉलममध्ये पहिला आकडा छोट्या पिशवीचा, दुसरा मधलीचा, तिसरा मोठीचा. ओळी मिसळल्या की या जागांचा अर्थच बदलतो, म्हणून कॉलम स्वतः बदलतात आणि कॉलम स्पेसही बदलते. पण कॉलमांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलत नाही. मूळ मॅट्रिक्समध्ये दुसरा कॉलम पहिल्याच्या दुप्पट आहे. रिडक्शनच्या प्रत्येक पायरीवर तो दुप्पटच राहतो, वरती जाऊन बघा. रिड्यूस झाल्यावर चौथा कॉलम (−१, २, ०) आहे, म्हणजे वजा पहिला अधिक तिसऱ्याची दुप्पट. मूळ मॅट्रिक्समध्येही तेच: −१ + २ = १, −२ + ६ = ४, −३ + ८ = ५. चौथा कॉलम हजर.

आणि हे असं का? कारण कॉलमांमधलं नातं म्हणजे नल स्पेसमधलाच एक व्हेक्टर. ‘दुसरा कॉलम पहिल्याच्या दुप्पट’ हेच (−२, १, ०, ०) सांगतो. ‘चौथा म्हणजे वजा पहिला अधिक तिसऱ्याची दुप्पट’ हे (१, ०, −२, १) सांगतो. रो ऑपरेशनने समीकरणांची उत्तरं बदलत नाहीत, म्हणून नल स्पेस बदलत नाही, म्हणून नाती बदलत नाहीत. रिड्यूस झालेलं मॅट्रिक्स सांगतं कुठले कॉलम घ्यायचे. ते कॉलम घ्यायचे मात्र मूळ मॅट्रिक्समधून.

रो स्पेसचं उलट आहे, आणि म्हणूनच गोंधळ होतो. ओळींची सरमिसळ केली तरी ओळींपासून काय काय बनू शकतं ते तेवढंच राहतं. त्यामुळे रो स्पेसचा बेसिस रिड्यूस झालेल्या मॅट्रिक्सच्या शून्य नसलेल्या ओळींतून घ्यावा. इथे उलट मूळ मॅट्रिक्सकडे गेलं तर फसायला होतं. मूळ ओळी १ २ ३, २ ४ ६ आणि १ ० १ असतील तर दुसरी ओळ शून्य होते, तिसरी वर सरकते आणि पिव्हट पहिल्या दोन ओळींत दिसतात. पण मूळच्या पहिल्या दोन ओळी एकमेकींच्या पटी आहेत, त्या बेसिस होऊच शकत नाहीत.

पिशव्यांच्या रो स्पेसला एक छान अर्थ आहे. कुठल्या खरेदीची किंमत बिलांवरून ठरवता येते? जी रो स्पेसमध्ये आहे तिची. एकट्या काजूगराची किंमत ठरत नाही. पण १ काजूगर आणि २ फणसपोळ्या मिळून ३५० रुपये, हे पक्कं, कारण ती दुसरी ओळच आहे. मधल्या पिशवीच्या बिलातून छोटीची दुप्पट वजा करा, १३९० − १०४० = ३५०. रिडक्शन केलेली प्रत्येक ओळ म्हणजे दुकानात मांडलेली नसलेली, पण किंमत ठरलेली एक पिशवी.

सबस्पेस ओळखताना

तीन अटी सगळ्यांना पाठ असतात: शून्य आत हवा, बेरीज आत राहायला हवी, पट आत राहायला हवी. चूक होते ती शून्य तपासून थांबल्यामुळे. शून्य नसेल तर सबस्पेस नाही हे खरं. शून्य आहे म्हणून सबस्पेस आहे, हे खरं नाही.

आपला किनारा दक्षिणोत्तर जातो आणि समुद्र पश्चिमेला. एखादी होडी फक्त किनाऱ्याला समांतर किंवा फक्त सरळ पूर्व-पश्चिम जाऊ शकते असं समजा. बंदर म्हणजे शून्य. प्रत्येक दिशा स्वतंत्रपणे सबस्पेस आहे. पण दोन्ही मिळून झालेला क्रॉस सबस्पेस नाही: उत्तरेला ३ आणि पश्चिमेला ४ यांची बेरीज घेतली की होडी दोन्ही रेषांच्या बाहेर, मोकळ्या समुद्रात. दोन सबस्पेस नुसत्या एकत्र केल्या तर एक दुसरीच्या आत असल्याशिवाय सबस्पेस मिळत नाही. याउलट, दोघींत समाईक असलेला भाग नेहमी सबस्पेस असतो.

टोपलीतले बांगडे आणि सुरमई दुसरं उदाहरण देतात. शून्य मासे चालतात, दोन टोपल्यांची बेरीज चालते. पण उणे एक पट घेतली की उणे बांगडे! ऋण नसलेल्या आकड्यांचा संच बेरजेत टिकतो, पटीत बुडतो. आणि तपासताना एकच उदाहरण चाललं म्हणून ‘सिद्ध झालं’ लिहू नका. मोडायला एक उदाहरण पुरतं. सिद्ध करायला कुठलेही दोन व्हेक्टर, ठराविक आकडे न घेता, अक्षरांत घ्यावे लागतात.

कुठली सबस्पेस कुठे राहते हेही लिहा. आपल्या मॅट्रिक्सची नल स्पेस चार किंमतींच्या जागेत आहे, कॉलम स्पेस तीन बिलांच्या जागेत. दोन्हींची मिती, म्हणजे बेसिसमधल्या व्हेक्टरांची संख्या, योगायोगाने २ आली म्हणून त्या एकच होत नाहीत. तसंच दोन घटकांच्या व्हेक्टरांची जागा ही तीन घटकांच्या जागेची सबस्पेस नाही, (३, २) हा तीन आकड्यांचा व्हेक्टरच नव्हे. (३, २, ०) अशा व्हेक्टरांचं प्रतल मात्र सबस्पेस आहे.

अक्षर के असेल तर

क्ष + केय = १, केक्ष + य = १. इथे आर२ मधून आर१ ची के-पट वजा करायला हरकत नाही, के शून्य असला तरी. मिळतं: (१ − के²)य = १ − के. आता मुलं न विचारता १ − के² ने भागतात. भागण्याआधी थांबायचं. के = १ असेल तर ० = ०, उत्तरं अनंत. के = −१ असेल तर ० = २, उत्तरच नाही. बाकी सगळीकडे क्ष आणि य दोन्ही १/(१ + के). प्रश्नाचे निम्मे मार्क त्या पहिल्या दोन ओळींत असतात. अक्षराने ओळ गुणायची तरी हीच काळजी: ते अक्षर शून्य असेल तर आख्खी ओळ पुसली जाते.

निश्चयक (डिटर्मिनंट) काढायचा असेल तर आणखी एक. ओळींची अदलाबदल केली की चिन्ह बदलतं, आणि ‘३आर२ − २आर१’ असं दुसऱ्या ओळीच्या जागी लिहिलं की निश्चयक तिप्पट होतो. समीकरणं सोडवताना याची फिकीर नसते, म्हणून सवय लागते आणि तिथे फसवते.

रिडक्शनची ही पद्धत गाउस-जॉर्डन या नावाने ओळखली जाते. त्यातला जॉर्डन म्हणजे जमीन मोजणारा जर्मन भूमापनतज्ज्ञ विल्हेल्म जॉर्डन. जॉर्डन फॉर्मवाला फ्रेंच गणिती कामील जॉर्डन वेगळा. तोंडी परीक्षेत हा गोंधळ नको.

० = −१०

गणित शिकवून झाल्यावर त्या मुलीला मी सांगितलं होतं, दुकानातली खरी बिलं घेऊन ये आणि रिडक्शन कर. दुसऱ्या दिवशी ती काळजीत पडून आली. रचलेल्या गणितातल्यासारख्याच पिशव्या, आणि शेवटची ओळ होती:

० ० ० ० | −१०

‘मॅडम, तीनदा केलं. बेरजेचा कॉलमही जुळतो. पण उत्तरच नाही म्हणतंय.’ मी वही बघितली. एकही चूक नव्हती. शेवटच्या कॉलममध्ये पिव्हट आला की ही बिलं कॉलम स्पेसमध्ये नाहीत, म्हणजे एकाच दराने ही तीन बिलं लागूच शकत नाहीत. मोठी पिशवी छोटी अधिक मधली असूनही तिचं बिल त्यांच्या बेरजेपेक्षा १० रुपयांनी कमी होतं. तिने तिथूनच घरी फोन लावला. मोठी पिशवी घेणाऱ्याला बाबा दहा रुपये सोडतात.